कागल : सामायिक जिन्याचा हिशेब

कोल्हापूर सोडून पुणे–बंगळुरू महामार्गाने दक्षिणेकडे निघाले की सुमारे वीस किलोमीटरवर कागल येते. गाव मागे टाकून दूधगंगा ओलांडली की थोड्याच अंतरात महाराष्ट्राची हद्द संपते आणि निपाणीची वाट सुरू होते. कोल्हापूरचा गूळ आणि निपाणीची तंबाखू या दोन बाजारपेठांच्या मधोमध वसलेल्या या गावाला व्यापाराची सवय जुनी आहे. उसाचे मळे गावाच्या शिवेपर्यंत येऊन भिडलेले आहेत, छत्रपती शाहू सहकारी साखर कारखाना येथेच आहे आणि महामार्गाच्या पलीकडे कागल–हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत पसरली आहे.

इतिहासात कागल ही कोल्हापूर संस्थानातील घाटगे घराण्याची जहागीर. याच घराण्यातील यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि पुढे राजर्षी शाहू छत्रपती म्हणून ओळखले गेले. त्यांच्या जन्मदात्या वडिलांचे नाव जयसिंगराव. गावाच्या कडेचा मोठा तलावही याच नावाने ओळखला जातो. गावात गैबी पीराचे स्थान आहे आणि त्याच्या उरुसात सर्व जातिधर्मांची घरे सहभागी होतात. १९३५ साली जन्मलेले साहित्यिक आनंद यादव याच मातीतले. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुटुंबातील मुलाने शिक्षणासाठी केलेला झगडा त्यांच्या ‘झोंबी’ने महाराष्ट्रासमोर ठेवला आणि १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळविला.

जुन्या कागलची घरे कौलारू आणि जमिनीला धरून असलेली. नव्या कागलमध्ये, विशेषतः महामार्गाकडील बाजूस आणि वाढीव वस्तीत, तीन-चार मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. तळाशी गाळे, वर सदनिका, मागे पाण्याची टाकी, एका कोपऱ्यात लिफ्ट. औद्योगिक वसाहतीत कामाला आलेले लोक, आसपासच्या खेड्यांतून मुलांच्या शाळेसाठी आलेली कुटुंबे आणि भाड्याच्या उत्पन्नासाठी पैसा गुंतविणारे व्यापारी, असे तिन्ही प्रकारचे लोक अशा इमारतींतून सदनिका घेतात. घर घेताना दर, दिशा, हवा, पाणी आणि कर्जाचा हप्ता यांची कसून चौकशी होते. दर महिन्याला येणाऱ्या देखभाल शुल्काची चौकशी मात्र बहुधा शेवटी, आणि तीही ओझरती होते. पुढे इमारतीत जी भांडणे होतात, त्यांतील पुष्कळशी याच शुल्कावरून होतात.

वास्तविक सामायिक खर्च वाटून घेण्याची कला या मुलखाला नवीन नाही. गणेशोत्सव, उरूस, देवळाचा जीर्णोद्धार अशा प्रसंगी वर्गणी बसते ती घरटी. घर लहान असो वा मोठे, प्रत्येक घराने ठरलेली रक्कम द्यावी, आणि ज्याची ऐपत अधिक त्याने स्वखुशीने वर टाकावे, अशी ही रीत. सहकारी उपसा सिंचन संस्थेत मात्र घरटी हिशेब चालत नाही. नदीवर पंप बसवून नळाने मळ्यापर्यंत पाणी आणायचे, त्याची आकारणी एकरावर होते. दोन एकरांच्या धन्याने दहा एकरांच्या धन्याइतके द्यावे, असे तेथे कोणी म्हणणार नाही. तिसरी रीत वापराची. वीज जितकी जाळली तितके बिल. गूळ जितका तोलला तितकी तोलाई आणि हमाली.

घरटी, क्षेत्रावर आणि वापरावर, अशी ही तीन मापे. कोणते माप कोठे लावायचे, याबद्दल गावात सहसा वाद होत नाही, कारण पिढ्यान्‌पिढ्यांच्या व्यवहाराने ते ठरून गेलेले आहे. इमारतीत वाद होतो, कारण तेथे एकाच बिलात तिन्ही मापे एकत्र येतात आणि ती वेगळी करून कोणी समजावून सांगत नाही.

वाड्यात ही अडचण नव्हती, असेही नाही. एकत्र कुटुंब असेपर्यंत शाकारणीचा खर्च घरातील कर्त्या पुरुषाच्या रोजमेळात पडे. कुटुंब विभक्त झाले, खोल्या वाटल्या गेल्या. पण आढे, चौक, विहीर आणि दिंडी दरवाजा सामायिक राहिला. मग पावसाळ्यापूर्वी कौले कोणी चाळावीत, यावर चार भावांची चार मते होऊ लागली. एक भाऊ पुण्यात, एक मुंबईत. गावात राहणाऱ्याने खर्च करावा आणि बाकीच्यांनी पुढे बघू म्हणावे. कोल्हापूर परिसरातील कित्येक जुने वाडे परचक्राने वा भूकंपाने पडलेले नाहीत. ते पडले ते दोन-चार पावसाळे शाकारणी न झाल्यामुळे. प्रत्येकाची खोली शाबूत होती. जे सर्वांचे होते ते कोणाचेच राहिले नाही.

सदनिकांच्या इमारतीवर ही वेळ येऊ नये, यासाठीच कायद्याने खर्चाची वाटणी बांधून दिली आहे. महाराष्ट्रात त्याची परंपरा शतकाहून अधिक जुनी आहे. मुंबईत गावदेवी येथे १९१५ साली स्थापन झालेली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था या चळवळीतील आरंभीची संस्था. तिच्या उभारणीत श्रीपाद सुब्बराव तल्मकी यांचा पुढाकार होता. पुढे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आला, आणि २०१९ मध्ये त्या अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. संस्थेचा दैनंदिन कारभार चालतो तो आदर्श उपविधींनुसार. कागलसारख्या तालुक्याच्या गावातील दहा-वीस सदनिकांची नोंदणीकृत संस्था आणि मुंबईतील मोठे संकुल, दोघांनाही हे उपविधी सारखेच लागू होतात.

या उपविधींकडे हिशेबनिसाच्या नजरेने पाहिले तर गावातील तिन्ही मापे त्यांत सापडतात. पहारेकरी, सफाई, जिन्यातील दिवे, कार्यालयीन खर्च, हिशेबतपासणी यांचे सेवाशुल्क सर्व सदनिकांवर समान बसते. हे घरटी माप. चोराला अडविणारा पहारेकरी मोठ्या सदनिकेसाठी अधिक जागत नाही, हा त्यामागील विचार. लिफ्टचा खर्चही ज्या इमारतीत लिफ्ट आहे तेथील सर्व सभासदांवर समान. लिफ्ट वापरो वा न वापरो. दुरुस्ती व देखभाल निधी आणि निक्षेप निधी मात्र सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या प्रमाणात घेतले जातात, म्हणजे मोठ्या सदनिकेला अधिक. हे एकरी माप. पाण्याचा आकार प्रत्येक सदनिकेतील नळांची संख्या आणि आकार पाहून, म्हणजे वापराच्या अंदाजाने. घरपट्टी स्थानिक स्वराज्य संस्था ज्या सदनिकेवर जितकी बसवील तितकी.

एक उदाहरण घेतले म्हणजे हे स्पष्ट होईल. समजा, कागलमध्ये सोळा सदनिकांची एक इमारत आहे आणि जमिनीची किंमत वगळता प्रत्येक सदनिकेचा बांधकाम खर्च १५ लाख रुपये आहे. पहारेकरी, सफाई, सामायिक वीज व कार्यालयीन खर्च मिळून महिन्याला २४,००० रुपये लागतात. प्रत्येकाचा वाटा १,५०० रुपये. लिफ्टच्या देखभालीचे महिन्याला ४,८०० रुपये, प्रत्येकी ३००. दुरुस्ती निधीची किमान मर्यादा बांधकाम खर्चाच्या वार्षिक ०.७५ टक्के, म्हणजे वर्षाला ११,२५० आणि महिन्याला ९३७ रुपये ५० पैसे. निक्षेप निधीची किमान मर्यादा वार्षिक ०.२५ टक्के, म्हणजे वर्षाला ३,७५० आणि महिन्याला ३१२ रुपये ५० पैसे. घरपट्टी व पाणी सोडून एका सदनिकेचे मासिक देणे झाले ३,०५० रुपये.

आता याच इमारतीतील पाच जणांनी पैसे थांबविले, असे धरू. पहारेकऱ्याचा पगार थांबत नाही, विजेचे बिल थांबत नाही, लिफ्ट कंपनीचा करार थांबत नाही. महिन्याचे २८,८०० रुपये आता सोळांऐवजी अकरा घरांनी उभे करायचे. प्रत्येकाचा या दोन बाबींचा वाटा १,८०० वरून सुमारे २,६१८ रुपयांवर जातो. म्हणजे थकबाकीदाराचे पैसे संस्था नावाच्या कोणा अदृश्य सावकाराकडे थकत नाहीत. ते शेजारच्या घरातून, दरमहा ८१८ रुपयांप्रमाणे, काढून घेतले जातात. अकरांपैकी एखादे घर निवृत्तिवेतनावर चालणारे असेल, तर त्याला ही वाढ जाणवल्याशिवाय राहत नाही.

प्रत्यक्षात असे अकरा जण फार काळ वाढीव रक्कम भरीत नाहीत. ते दुरुस्ती निधीला हात घालतात. प्रथम तात्पुरती उचल म्हणून, मग नेहमीसाठी. गच्चीचे जलरोधक काम पुढच्या वर्षावर जाते. पुढच्या वर्षी ओल वरच्या मजल्याच्या छतातून उतरू लागते. टाकीचा पंप जळाला की टँकर मागवावा लागतो. शेवटी लिफ्ट बंद पडते, आणि तिसऱ्या मजल्यावरील वृद्ध दांपत्याच्या दिनक्रमातून देवदर्शन, बाजार आणि दवाखाना हे तिन्ही एकदमच वजा होतात. ज्यांनी आयुष्यभर एकही महिना चुकविला नाही, त्यांच्याच वाट्याला बहुधा हे येते. कारण इमारतीत राहणारे तेच असतात.

पैसे थांबविणारे सारेच लबाड असतात असे नाही. वार्षिक सभेत हमखास ऐकू येणारे वाक्य असे : “अहो काका, आमचं घर वर्षभर बंदच असतंय. ना लाईट, ना पाणी, ना लिफ्ट. मग पैसे कशाचे भरायचे?” काकाही तितक्याच आपुलकीने विचारतात, “बाळा, घर बंद आहे, पण छप्पर बंद आहे का? त्याच्यावर पाऊस पडतोयच की!” या दोन वाक्यांतच साऱ्या प्रश्नाचे सार आहे.

कायद्याचे उत्तर काकांच्या बाजूचे आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थेत सदनिका कुलूपबंद असली तरी नेहमीचे सर्व आकार द्यावेच लागतात. महाराष्ट्रातील दुसरी पद्धत म्हणजे १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियमाखालील; तीत घोषणापत्र नोंदवून प्रत्येक सदनिकेचा अविभाज्य हिस्सा टक्क्यांत ठरविला जातो. त्या अधिनियमात तर स्पष्टच म्हटले आहे की, सामायिक जागांचा वापर सोडून दिला किंवा सदनिका टाकून दिली, म्हणून सामायिक खर्चाच्या वाट्यातून कोणाची सुटका होत नाही. थकलेल्या वाट्याचा बोजा सदनिकेवर राहतो, आणि विक्री झाल्यास विकणारा व घेणारा दोघेही त्याला संयुक्तपणे जबाबदार असतात.

या दोन पद्धतींतील एक फरक व्यापारी कुटुंबांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. सहकारी संस्थेत सेवाशुल्क घरटी समान असते. अपार्टमेंट पद्धतीत सामायिक खर्च अविभाज्य हिश्श्याच्या टक्केवारीने वाटला जातो, म्हणजे मोठ्या सदनिकेला अधिक. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुण्यातील एका निवासी संकुलाच्या प्रकरणात अपार्टमेंट पद्धतीपुरता हाच अर्थ मान्य केला. त्यामुळे शेजारच्या इमारतीत ‘सगळ्यांना सारखे’ असेल म्हणून आपल्या इमारतीतही तसेच असले पाहिजे, हा आग्रह टिकत नाही. आपली इमारत कोणत्या कायद्याखाली नोंदली आहे, हे आधी पाहावे लागते.

सदनिका भाड्याने दिल्यास सहकारी संस्था बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते. याबाबतही गैरसमज पुष्कळ आहेत. हे शुल्क कुलूपबंद घराला नसून मालकाने दुसऱ्यास भोगवट्यास दिलेल्या घराला आहे. राज्य शासनाच्या २००१ च्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. वरील उदाहरणात महिन्याला फार तर १५० रुपये. मुलगा, मुलगी, आई-वडील, भाऊ-बहीण अशा जवळच्या नातलगांना राहू दिल्यास ते लागत नाही. भाडेकरू ठेवणारा मालक जणू गुन्हेगार, अशा भावनेने मनमानी रक्कम आकारणाऱ्या व्यवस्थापन समित्याही असतात. त्यांनाही ही मर्यादा बांधून घेते.

वसुलीच्या बाबतीत कायदा मऊ नाही. तीन महिन्यांत देणे न फेडणारा सभासद थकबाकीदार ठरतो आणि व्यवस्थापन समितीवर राहण्यास अपात्र होतो. थकबाकीवर जास्तीत जास्त वार्षिक २१ टक्के दराने सरळ व्याज लावता येते. वरील उदाहरणातील सदनिकेचे एका वर्षाचे देणे ३६,६०० रुपये. ते पुढे आणखी पूर्ण वर्ष थकले, तर त्यावरील कमाल व्याजच ७,६८६ रुपये होईल. त्याउपर संस्था निबंधकाकडून वसुली दाखला मिळवू शकते, आणि जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली होऊ शकते. तरीही कागलसारख्या गावात दाखल्यापर्यंत सहसा कोणी जात नाही. ज्याच्यावर दाखला काढायचा, तो बाजारपेठेत समोरच्याच दुकानात बसतो. त्याच्याशी उधारीचा व्यवहार असतो. मुलाच्या लग्नात तो पंगतीला असतो. गावाची ही जवळीक वर्गणीच्या वेळी उपयोगी पडते आणि वसुलीच्या वेळी आड येते.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावर निवासी संकुलांच्या रांगाच रांगा आहेत. तेथे इंग्लंड, जर्मनी आणि उत्तर युरोपातील अन्य देशांतल्या लोकांनी सुट्टीसाठी वा निवृत्तीनंतरच्या वास्तव्यासाठी घरे घेतली आहेत. कित्येक घरे वर्षातील बराच काळ बंद असतात. पोहण्याचा तलाव, बाग, लिफ्ट, रस्ते आणि दिवे मात्र बाराही महिने सांभाळावे लागतात. त्यासाठी स्पेनमध्ये आडव्या मालकीचा, म्हणजे एकावर एक असलेल्या घरांच्या मालकीचा, कायदा आहे. तो २१ जुलै १९६० चा. महाराष्ट्राच्या सहकार अधिनियमाच्या नावातही तेच वर्ष आहे, हा योगायोग. सात हजारांहून अधिक किलोमीटर अंतरावरील दोन प्रदेशांना एकाच सुमारास सामायिक व्यवहाराचे नियम बांधावेसे वाटले.

स्पेनमध्ये प्रत्येक सदनिकेला सहभागाचा एक गुणांक असतो आणि खर्च सामान्यतः त्या प्रमाणात वाटला जातो. आपल्या अपार्टमेंट पद्धतीशी हे जुळते. मालकांची सभा दरवर्षी अंदाजपत्रक मंजूर करते. त्या अंदाजपत्रकाच्या किमान दहा टक्के इतका राखीव निधी असलाच पाहिजे, असे बंधन आहे. २०१९ पूर्वी ते पाच टक्के होते. थकबाकीदाराला सभेत बोलता येते, पण मत देता येत नाही. घर विकताना थकबाकीचा दाखला जोडावा लागतो, आणि नव्या मालकाचे घर चालू वर्षाच्या तसेच त्यापूर्वीच्या तीन वर्षांच्या थकलेल्या देण्यास बांधलेले राहते. अध्यक्षपदाची व्यवस्था तर मोठी मजेशीर आहे. निवडणुकीने अध्यक्ष मिळाला नाही, तर पाळीने किंवा चिठ्ठी टाकून एका मालकाला नेमले जाते, आणि ते पद स्वीकारणे बंधनकारक असते. सबळ कारण असल्यास महिन्याच्या आत न्यायालयाकडे सुटका मागावी लागते.

कागलच्या वाचकाला यांतील बोध दूरचा वाटू नये. सुखवस्तू, शिस्तप्रिय म्हणून नावाजलेल्या देशांतील लोकांनाही सामायिक खर्च स्वखुशीने भरणे अवघड जाते, म्हणूनच एवढे कठोर नियम करावे लागले. जे घर डोळ्यांसमोर नाही त्याचा खर्च मनालाही दूरचा वाटतो, हा मनुष्यस्वभाव आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाची कागलमधील सदनिका असो, वा कागलच्या व्यापाऱ्याने पुण्यात घेऊन ठेवलेली असो, स्वभाव तोच.

व्यापारी कुटुंबांना हा विषय समजण्यास खरे तर अडचण पडू नये. पेढीवर मालवाहू गाडी घेतली की दरसाल घसारा लिहिला जातो, कारण गाडी एक दिवस बदलावी लागणार, हे व्यापारी जाणतो. इमारतही झिजते. निक्षेप निधी म्हणजे इमारतीचा घसारा रोखीने बाजूला काढणे. उदाहरणातील सोळा सदनिकांनी तो वीस वर्षे चुकविला नाही, तर व्याज सोडून १२ लाख रुपये जमतात. प्रत्येक सदनिकेचे अवघे ७५,०००. चुकविला, तर इमारत विसाव्या वर्षी तितकीच जुनी असते, फक्त गाठीशी काही नसते. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची तिसाव्या वर्षापर्यंत पाच वर्षांतून एकदा, आणि त्यानंतर तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक तपासणी करावी, असे उपविधी सांगतात. तपासणीत दोष निघाला आणि निधी रिकामा असला, तर एका रकमी मागणी येते, आणि ती भरण्याची ताकद ज्यांच्यात सर्वांत कमी, ते वृद्ध सभासदच तिच्या समोर प्रथम उभे राहतात.

जैन समाजाला याचे आणखी एक जवळचे उदाहरण आहे. देरासराच्या हिशेबात निरनिराळी खाती असतात. महोत्सवातील चढावे हौसेने बोलले जातात आणि देवद्रव्याचे खाते भरते. पण त्या द्रव्याला साधारण खात्याच्या खर्चासाठी हात लावता येत नाही. नित्याच्या बारीकसारीक खर्चाचे हे साधारण खाते मात्र अनेक ठिकाणी तुटीत असते, आणि विश्वस्तांना त्यासाठी दरवर्षी आवाहन करावे लागते. त्या खात्यात देणाऱ्याच्या नावाची पाटी लागत नाही, टाळ्या पडत नाहीत; तरी देरासराचे दार रोज पहाटे उघडते ते त्याच्याच जोरावर. इमारतीचे देखभाल शुल्क हेही असेच साधारण खाते आहे. त्यात भरलेला पैसा डोळ्यांना दिसत नाही. न भरलेला पैसा काही वर्षांनी गच्चीतून गळू लागतो.

शुल्क भरणाऱ्याचे कर्तव्य जितके, तितकेच हिशेब दाखविणाऱ्याचेही. पैसे थांबविणाऱ्यांपैकी अनेकांची खरी तक्रार रकमेविषयी नसून हिशेबाविषयी असते. पावती मिळत नाही, सभा होत नाही, हिशेबतपासनिसाचा अहवाल कोणी वाचून दाखवीत नाही, दुरुस्तीची दरपत्रके मागविली जात नाहीत. अशा कारभाराला जाब विचारण्याचा हक्क सभासदाला आहे, आणि तो त्याने सभेत बजावावा. पैसे थांबवून मात्र तो बजावता येत नाही; त्याने चुकार समितीचे काही बिघडत नाही, शेजाऱ्याचे बिघडते. ज्या इमारतीत प्रत्येक महिन्याचा जमाखर्च जिन्याखालील फळ्यावर लागतो, तेथे वसुलीसाठी दारोदार जाण्याची वेळ कमी येते. उघडी वही हा व्यापाऱ्याला पटणारा सर्वांत जुना पुरावा आहे.

अखेरचा प्रश्न नव्याने सदनिका घेणाऱ्यांचा. पुष्कळ ठिकाणी बांधकाम व्यावसायिक सुरुवातीलाच एक-दोन वर्षांच्या देखभालीची एकरकमी अनामत घेतो. ती संपेपर्यंत सारे सुरळीत चालते. संपल्यावर पहिले बिल येते आणि सर्वांना धक्का बसतो. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने मालकांची संस्था ताबा घेईपर्यंत आवश्यक सेवा वाजवी आकार घेऊन चालविण्याची, आणि बहुसंख्य सदनिकांची नोंदणी झाल्यापासून तीन महिन्यांत संस्था स्थापन करून देण्याची जबाबदारी व्यावसायिकावर टाकली आहे. त्याच अधिनियमाने खरेदीदारावरही सामायिक खर्चाचा वाटा वेळेवर देण्याचे आणि संस्था स्थापनेत सहभागी होण्याचे बंधन घातले आहे. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पांना त्या अधिनियमाखालील नोंदणीतून सूट आहे, आणि तालुक्याच्या गावांतील लहान इमारती सहज या मर्यादेत बसतात. तेथे खरेदीदारांनी आपणहून एकत्र येऊन संस्था वा घोषणापत्राची पूर्तता करून घेणे, याला पर्याय नाही.

म्हणून कागलमध्ये, किंवा अन्य कोठेही, जुनी अथवा नवी सदनिका पाहण्यास जाताना पाच कागद मागावेत. इमारतीची सहकारी संस्था म्हणून नोंदणी आहे की अपार्टमेंट म्हणून, याचा दाखला, गेल्या तीन वर्षांचे तपासलेले हिशेब, निक्षेप व दुरुस्ती निधीच्या ठेवींच्या पावत्या, थकबाकीदारांची यादी, आणि विकणाऱ्याचे स्वतःचे देणे शून्य असल्याचा संस्थेचा दाखला. फरशी, रंग आणि खिडकीतून दिसणारा उसाचा मळा पाहून घर पसंत पडते, ते स्वाभाविक आहे. त्या घरात वीस वर्षांनी सुखाने राहता येईल की नाही, ते या पाच कागदांवरून कळते. आणि ते कागद नीट असतील, तर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आपला वाटा न मागता भरणारा शेजारी, ही त्या घराची सर्वांत मोलाची जमेची बाजू समजावी.